पाचवं घर

घोडा झपकन मागे ओढला की जुन्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं लपतं. सिलिंडर त्या झटक्यातच फिरून जागेवर बसतो. खरं काय ते कळायला घोडा मुंगीच्या पावलानं ओढावा लागतो, डाव्या हाताचं बोट सिलिंडरला जेमतेम टेकवून. घोडा मागे अडकण्याआधी खाचेत कडी पडल्याचा टक्क आवाज यायला हवा, तोही काडतुसांच्या सहाही घरांना. सध्या माझ्या बाकावर असलेल्या स्मिथ अँड वेसन २९-२ चं पाचवं घर उशिरा येतं. निदान मला तसं वाटतं.

वाटतं असं म्हणावं लागतं, कारण माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. खडकीच्या एका टूलरूममध्ये कानस धरायला शिकल्यापासून याच अंगठ्यावर मी पोट भरलं. पुढे इथे पेनसिल्व्हेनियात येऊन एका दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करायला लागलो, तेव्हाही गेजच्या आधी अंगठा सांगायचा आणि गेज फक्त मान डोलवायचं. आता घोडा शेवटच्या टप्प्यात आला की सांध्यात एक बारीक अडखळ येते. नेमकी तिथेच, जिथे कडी पडायची असते. अडखळ सांध्याची की लोखंडाची, हे सहज सांगता येत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. रिव्हॉल्व्हर एका वारलेल्या शिकाऱ्याचं. त्याच्या बायकोनं ते आमच्या दुकानात विकायला ठेवलंय. तपासून भाव ठरवणारा मी आणि ते घ्यावं म्हणून झुरणाराही मीच. मी दोष काढला की बाईंचे पैसे कमी होतात आणि माझे वाचतात. माझा अंगठा मला हवं तेच तर सांगत नसेल ना, ही शंका मला झोपू देत नव्हती.

बाकी सगळं चोख आहे. सिलिंडर आणि नळी यांतली फट सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, सिलिंडरचं मागेपुढे हलणं दोन थाऊच्या आत. नळीच्या मागच्या तोंडाला चीर नाही. वरच्या पट्टीवर दारूच्या ज्वाळेनं कोरलेली रेघ आहे, पण ती ठरावीक खोलीवर थांबते, तिला मी घाबरत नाही. स्क्रूच्या खाचा अस्पर्श, कडा धारदार, कुणी बफ मारून गोल केलेल्या नाहीत. नळी साडेसहा इंची आणि फ्रेममध्ये पिन मारून बसवलेली; ही पद्धत कंपनीनं १९८२ च्या सुमाराला सोडली.

या पिढीच्या रिव्हॉल्व्हरची एक कमजोरी धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एल्मर कीथ हा आयडाहोचा शिकारी .४४ स्पेशलच्या काडतुसात दारू वाढवत गेला. त्याच्याच आग्रहातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्माला आलं: २४० ग्रेनची गोळी, सेकंदाला १,३५० फुटांच्या आसपास. फ्रेम त्याआधीच्या काळातली. धातूच्या आकृत्या पाडण्याच्या स्पर्धांतल्या लोकांनी जड काडतुसांचा मारा केला, तेव्हा धक्क्यासरशी सिलिंडर उलटा सरकायला लागला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं खाचा लांब केल्या, आतले भाग सुधारले. २९-२ मध्ये त्यातलं काही नाही. म्हणून २९-२ विकत घेताना आधीच्या मालकाचा स्वभावच विकत घ्यावा लागतो. त्यानं रोज पूर्ण दाबाची काडतुसं उडवली, की वर्षातून एका हरणापुरती?

हल्लीचे तपासनीस मोबाइलचा दिवा नळीत घालतात, फोटो काढतात आणि ‘नव्यासारखं’ असं लिहून मोकळे होतात. मला त्यांचा राग येतो. नळी शेवटी मरते. टायमिंग, म्हणजे घर वेळेवर जागेवर येणं, आधी मरतं आणि ते फोटोत येत नाही. तसाच राग २००३ मध्ये आलेलं .५०० मॅग्नम घेऊन आमच्या जंगलात हरणामागे फिरणाऱ्यांचा येतो. इथल्या दाट झाडीत हरीण दिसतंच जवळून. त्याला जागच्या जागी पाडायला ठिकाण साधावं लागतं. तोफ घेऊन ते साधत नाही.

पाचव्या घराचा संशय पडताळायला मग मी घरांमध्ये निकामी काडतुसं भरली. घरं रिकामी असली की काडतुसं बाहेर ढकलणारी मागची चांदणी किंचित फिरते आणि खोटा दोष दाखवते. भरलेली असली की घट्ट बसते. दुसऱ्या घराचीही थोडी शंका होती, ती तिथेच फिटली. पाचवं घर तसंच राहिलं.

शेवटी अंगठाच बाजूला ठेवला. मिलिंग मशीनच्या टेबलावर व्हाइस बांधला, लाकडी जबड्यांत मूठ धरली, घोड्याला चामड्याची वादी घातली आणि तिचं दुसरं टोक मशीनच्या खांबाला. हँडव्हील फिरवून टेबल थोडं थोडं सरकवत गेलो. डावं बोट सिलिंडरवर. चार घरं बिनतक्रार आली. पाचव्याला घोडा मागे अडकला आणि कडी अजून खाचेच्या काठावरच. बोटानं केसभर ढकललं तेव्हा टक्क.

त्या क्षणी रिव्हॉल्व्हरमध्ये दोष निघाल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र आनंद झाला. माझा अंगठा खरं बोलत होता. हा अहंकार आहे, आणि तो माझ्यात नेहमीच होता: चार कारागिरांना जे जाणवत नाही ते मला जाणवतं, या एका गोष्टीवर मी आयुष्यभर ताठ मानेनं चाललो.

पण दोष सापडणं वेगळं आणि ते शस्त्र झेपणं वेगळं. बाईंची परवानगी घेऊन मी ते रेंजवर नेलं. काही घरांत भरलेली, काही घरांत उडवलेली काडतुसं मिसळली, सिलिंडर न बघता फिरवून बंद केला. उडवलेल्या काडतुसावर घोडा पडला तेव्हा नळीचं टोक खाली बुडलं. धक्का येण्याआधीच मनगट घाबरलं होतं. पूर्ण दाबाच्या .४४ मॅग्नमनं जिवंत जनावरावर गोळी झाडण्याचा हक्क मला आता उरलेला नाही. जखमी हरीण रात्रभर झाडीत तडफडावं, इतकी कुणाचीच हौस मोठी नसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या माझ्यासारख्या पुणेकरासाठी शिकार ही ऐकीव गोष्ट होती. ती मी इथे वयाच्या चाळिशीत शिकलो, आणि शिकवणाऱ्यानं पहिला धडा हाच दिला होता: जनावर तडफडत ठेवायचं नाही.

त्याच सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल चालतं. २५० ग्रेनची शिशाची गोळी, बेताची दारू. नळीचं टोक तेव्हा बुडलं नाही. तीस यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं असेल तर, तेवढं पुरतं. तसं नसेल तर घोडा उतरवून घरी यायचं.

बाईंना मी निर्दोष रिव्हॉल्व्हरचा पूर्ण भाव दिला आणि पाचव्या घराचंही सांगितलं. सिलिंडर फिरवणारी जाड पट्टी मागवली आहे. ती दगडावर घासून बसवणं माझंच काम. त्याची किंमत त्यांच्याकडून वळती करून घ्यायला मन धजेना. शिवाय दुसऱ्या कुणाला तो दोष सापडलाच नसता, असं मला अजूनही वाटतं.