दहा तास, तीन मुले

मुलांना रमवण्याची कला आपल्याला अवगत आहे, असा माझा समज होता. पुण्याच्या सेमिनरीतून बाहेर पडल्याला पंचवीस वर्षे होत आली होती. एवढ्या काळात धर्मशिक्षणाचे किती वर्ग घेतले, किती उन्हाळी शिबिरे पार पाडली, याची मोजदाद नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघालेल्या जथ्यांबरोबर मुलांना सांभाळीत चाललो आहे. पण त्या वाटेवर मुलांना कोणी मुद्दाम रमवीत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. तान्हे खांद्यावर असते, मधले पुढे धावते, थोरल्याच्या हाती पाण्याचा कॅन असतो. वाटच त्यांना रमवते. विमानात वाट दिसत नाही.

माझी बहीण अकोल्याला राहते. (विदर्भातले अकोला नव्हे; प्रवरेकाठचे, कळसूबाईच्या तालुक्याचे अकोले. हा खुलासा त्या प्रवासात मला दोनदा करावा लागला.) तिची मुलगी परिचारिका आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती इंग्लंडमधील एका रुग्णालयात रुजू झाली आणि सहा महिन्यांनी जावईही तिकडे गेले. तिन्ही मुले आजी-आजोबांपाशी राहिली. धाकटी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. जुलै २०२४ मध्ये भाची मुलांना न्यायला आली, तेव्हा थोरली बारा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा आणि धाकटी अडीच वर्षांची झाली होती. धाकटी आजीलाच ‘आई’ म्हणे. प्रत्यक्ष आई तिच्या लेखी ‘फोनमधली मम्मी’ होती.

तिकडे सेवा करणाऱ्या माझ्या एका वर्गबंधूच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव होता आणि मला त्याचे निमंत्रण होते. भाची म्हणाली, “मामा, त्याच विमानाने चला. तिघांना एकटीने न्यायचे मला धाडस होत नाही.” मी मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला.

निघालो तो आवणीचा दिवस. राजूर, शेंडी, बारी, घोटी अशी आमची गाडी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, ढगात बुडालेली कळसूबाई, रस्त्याकडेचे ओहोळ यांकडे तिघेही काचेला नाक लावून पाहत होती. कसारा घाट उतरेपर्यंत कोणी काही मागितले नाही. विमानात मात्र आम्हांला मधल्या चार आसनांची रांग मिळाली आणि मी वाटेच्या पलीकडे बसलो. खिडकी नाही, हे कळताच मुलाचा चेहरा पडला. एसटीत खिडकी त्याच्या हक्काची असते.

आमची तयारी कमी नव्हती. भाचीने सोबतच्या परिचारिकांकडून एक युक्ती ऐकली होती: छोटी छोटी खेळणी रंगीत कागदात बांधून न्यायची आणि दर तासाला एक पुडके उघडायचे. शिवाय टॅब्लेटवर व्यंगचित्रपट भरून घेतले होते. मी बायबलमधील प्रसंगांची रंगवायची चित्रे आणि चिंचोक्यांची पिशवी आणली होती. चिंचोके तिने विमानतळावरच माझ्या हातून काढून घेतले. “मामा, अडीच वर्षांचे मूल ते आधी नाकात घालते, नाहीतर गिळते.” आजीने थोरलीकडे एक कापडी पिशवी दिली होती. तीत लोकरीचा लांब तुकडा, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली आणि शेंगदाण्याचे लाडू होते. ताकाची बाटली सुरक्षा तपासणीत राहिली. शंभर मिलिलिटरच्या नियमातून तान्ह्याच्या दुधाला सूट असते, आजीच्या ताकाला नसते.

दुपारी एकच्या सुमारास विमान सुटले. पुडक्यांची युक्ती दीड तास टिकली, कारण मुलाने सगळी एकदमच उघडली. धाकटीला खेळण्यांपेक्षा वरचा कागद आवडला. तो फाडताना होणारा आवाज ऐकत ती बराच वेळ सुखात होती. माझी चित्रे पाव तासात संपली आणि एक रंगीत कांडी आसनाखाली गेली, ती शोधायला अर्धी रांग वाकली. टॅब्लेटने मुलाला दोन-अडीच तास गप्प ठेवले खरे. पण नंतर तो लाल डोळ्यांनी विनाकारण बहिणीला ढोसू लागला. धाकटी कानाला हेडफोन लावू देईना.

मग मी माझे हुकमी अस्त्र काढले, गोष्ट. प्रवचनकाराचा अहंकार कुठे उतरतो, ते तेव्हा कळले. धाकटीला चिमणी-कावळ्याची गोष्ट हवी होती, तीही पुन्हा पुन्हा तशीच. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ती मला थांबवी. मुलाला लढाई हवी होती. थोरलीला गोष्टच नको होती. तीन वयांना पुरेल अशी गोष्ट माझ्यापाशी नव्हती.

साहाय्याला आले ते वेफर्सचे पाकीट. ते फुगून टम्म झाले होते. “फादर आजोबा, हे असे का झाले?” मुलाने विचारले. मी सांगितले की विमानाच्या आत हवा भरलेली असली तरी तिचा दाब जमिनीवरच्याएवढा नसतो. सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. बाहेरचा दाब घटला म्हणून पाकिटातली हवा फुगते. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे त्या क्षणी आम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत बसलो होतो. आजोबांचा हात धरून तो लोखंडी शिड्यांवरून तिथे चढला होता. पुढच्या पडद्यावर विमानाची उंची जवळजवळ ११,००० मीटर दिसत होती. “मग किती कळसूबाई?” थोरलीने चित्राच्या पाठीमागे भागाकार केला: साडेसहाहून थोड्या अधिक. त्यापुढे तासभर तो पडद्यावरचा आकडा बदलला की ताईकडून हिशेब करून घेत होता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

थोरली हिशेब करी, लोकरीचा तुकडा बोटांत गुंफून भावाला पाळणा करून दाखवी, धाकटीला मांडीवर घेई, भरवी, स्वच्छतागृहात नेई. भाची हात पुढे करी आणि धाकटी ताईच्या कुशीत तोंड लपवी. स्वतः थोरलीने दिवसभरात काहीच खेळले नव्हते. आम्हांला ते सोयीचे होते, म्हणून आम्ही पाहिले नाही.

विमान पश्चिमेकडे जात असले की दिवस लांबत जातो. सहा तास उलटले तरी खिडक्यांच्या झडपांच्या फटीतून ऊन येत होते. थोरली घड्याळाकडे पाहून म्हणाली, “अकोल्यात सव्वासात झाले. आजोबांनी गोठ्यातला दिवा लावला असेल.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. भाचीने घाईने टॅब्लेट तिच्यापुढे धरला. “हा सिनेमा बघ ना, छान आहे.” मीही कोडे घालायच्या बेतात होतो. ती शांतपणे म्हणाली, “मला काही नको. मला जरा रडू द्या.”

मयताच्या घरी गेल्यावर नातलगांना लगेच धीर देऊ नये, आधी रडू द्यावे, हे मी कित्येक जणांना सांगितले आहे. इथे मात्र माझ्या ओठांवर कोडे होते.

भाचीने टॅब्लेट मिटला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मी पहिल्यांदा गेले, तेव्हा इथपर्यंत मीसुद्धा रडतच होते.” तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक इवलासा पिवळा मोजा काढला. जाताना धाकटीचा तेवढा एक मोजा तिने बरोबर नेला होता. दीड वर्षे तो त्याच कप्प्यात होता. “जोडीचा दुसरा आजीच्या ट्रंकेत आहे,” थोरली रडता रडता म्हणाली. “आजी शोधत होती, एकच कसा राहिला म्हणून.”

धाकटीने तो मोजा ओढून घेतला आणि आपल्या पायात घालायचा प्रयत्न केला. तो अंगठ्यापुढे जाईना. ती हसली. मग चिंध्यांच्या बाहुलीच्या डोक्यात घातला, तर टोपीसारखा नेमका बसला. काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा. तो खेळ तासाहून अधिक चालला आणि टोपी नीट करून घेण्यासाठी ती बाहुली आळीपाळीने सर्वांपुढे धरू लागली. भाचीपुढेही.

विमान उतरू लागले, तेव्हा धाकटीला डुलकी लागली होती. मी म्हणालो, “झोपू दे.” भाची म्हणाली, “नको मामा, उठवायला हवे.” उतरताना आतल्या हवेचा दाब वाढतो; घसा आणि कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते; गिळले की ती उघडते आणि कान दुखत नाही. झोपेत मूल कमी गिळते. मोठ्यांनी गोळी चघळावी, लहानांना दूध द्यावे. बाटली नेहमीप्रमाणे थोरलीच्या हातात होती. पट्टा बांधून मध्ये बसलेली धाकटी किरकिरत ताईकडेच पाहत होती.

थोरलीने बाटली आईकडे दिली. “मम्मी, तू दे. माझे कान दुखताहेत.”

धाकटीने एकदा ताईकडे पाहिले. ताई डोळे मिटून गोळी चघळत होती. मग धाकटीने बाटलीला तोंड लावले.

पलीकडून मुलगा पडद्यावरचे आकडे वाचीत होता. “तीन कळसूबाई... दोन... फादर आजोबा, आता एकच उरली!”