गार दुधाचं विरजण

सातारा,
मार्गशीर्ष

चि. सोन्यास,


तुझं पत्र काल मिळालं. तुझा इग्वाना चार दिवस पानाला तोंड लावत नाही, डोळे मिटून कोपऱ्यात पडलेला असतो. म्हणून तू त्याच्यावर आईची जुनी शाल घातलीस आणि ‘शीतनिद्रेत गेलाय, कुणी उठवू नका’ असं घरभर बजावलंस. अरे, तो झोपलेला नाही, गारठलाय. आधी ती शाल काढ.

थंडीत झोपायचं की नाही, हे त्या त्या जातीच्या पूर्वजांच्या मुलखावर ठरतं. थरच्या वाळवंटातला सांडा हिवाळ्यात बिळाचं तोंड बंद करून आत पडून राहतो. ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगनही थंडीत आठवडेच्या आठवडे सुस्तावतो. म्हणून त्याला पाळणारे आधी त्याचं खाणं थांबवून पोट रिकामं होऊ देतात, मगच ऊब कमी करतात आणि अधूनमधून त्याचं वजन बघत राहतात. इग्वाना मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांचा. आपल्यासारखा हिवाळा त्याच्या वंशाने पाहिलेलाच नाही. फ्लोरिडात माणसांनी नेऊन सोडलेले इग्वाना थंडीची लाट आली की आखडून झाडांवरून खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तसा इशाराच दिला होता. तुमच्या सांगलीत तेवढी थंडी नाही, मान्य. पण रात्रीचे चौदा-पंधरा अंश त्याचं पोट बंद पाडायला पुरेसे आहेत.

ते कसं, हे तुझ्या आईला पटकन कळेल. तिला विचार, थंडीत दही का लागत नाही? इग्वाना निव्वळ पाला खातो आणि तो पाला त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. म्हणजे पोटात विरजणच की! (अंड्यातून निघालेली पिल्लं हे विरजण मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळवतात. जेवताना वाचत नसशील अशी आशा आहे.) ऊब नसली की विरजण लागत नाही, पाला पोटात तसाच कुजतो. आपण दह्याचं भांडं शालीत गुंडाळतो, ते दूध आधीच कोमट असतं म्हणून. इग्वानाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. गार दुधाला कितीही गुंडाळलं तरी दही लागेल का?

हे मी पुस्तकातूनच शिकले असं नाही. तुझे बाबा, म्हणजे आमचा दादा, शाळेत असताना त्याने पौषात बुटांच्या खोक्यात एक सरडा ठेवला होता. आम्ही दोघं चिमट्याने त्याच्या तोंडात किडे कोंबायचो. तो हलेनासा झाला तरी तीन दिवस ‘झोपलाय’ म्हणत राहिलो.

आता नीट ऐक. पिंजऱ्यात दोन थर्मामीटर लाव, एक दिव्याखालच्या फांदीशी, एक लांबच्या टोकाला. फांदीशी पस्तीसच्या आसपास, लांब सव्वीस-सत्तावीस, आणि रात्री चोविसाच्या खाली नको. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घे, थर्मोस्टॅट लावून, इग्वानाला शिवता येणार नाही असा बसव. वीज गेलीच तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून जवळ ठेव. तापणारे दगड मिळतात ते नकोत, पोट भाजतं. दुपारी अर्धं ऊन, अर्धी सावली अशा जागी त्याला बाहेर ने, पण सोडून जाऊ नकोस. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन हाडांच्या उपयोगाचं नाही, काच त्यातले लागणारे किरण अडवते. अंग तापल्याशिवाय खायला देऊ नकोस. मग शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं दे. पालक रोज नको, अंडं-मांस अजिबात नको. दोन दिवस ऊब देऊनही हलला नाही, तर डॉक्टर गाठ. जवळ कुणी मिळालं नाही तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारू.

इग्वानाची नोंदणी केलीस का? २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. आणि याला जोडीदार म्हणून कुणी घोरपड आणून देतो म्हणालं तर हात जोड. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सुट्टीत ये, तुला चाळकेवाडीच्या पठारावर नेते. पवनचक्क्यांखाली तिथे एक देखणा सरडा राहतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘सरडा सुपर्बा’ म्हटलं, म्हणजे आपला सरडाच लॅटिनच्या पंगतीला बसवला. उन्हाळ्यात नर गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून मिरवतात. त्यांना कुणी शाल घालत नाही. गारठलं की तापलेल्या दगडावर यायचं, तापलं की सावलीत सरकायचं, हे ते स्वतःच ठरवतात. तुझ्या इग्वानाला ती सोय तूच करून द्यायची आहेस.

आपल्या घरात माया म्हणजे ‘जेवलास का?’. त्याच्याबाबतीत प्रश्न बदल. उलट टपाली त्याने काय खाल्लं ते लिहू नकोस. दोन्ही थर्मामीटरचे आकडे लिही, पहाटेचे.

तुझी,
आत्या