दहा दिवसांचं बिल

कसबा बावड्याच्या नदीकडच्या मळ्यांत पैसा दोन वाटांनी येतो. उसाचा येतो तो वर्षातून एक-दोनदा, आणि येतानाच सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, नांगरटीचं भाडं फेडत येतो. दुधाचा येतो दर दहा दिवसांनी. पेंडीची कपात जाऊन हातात दोनेक हजार पडतात. मीठ, चहापूड, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मोबाइलचा रिचार्ज, लेकराच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली उभा राहिला आणि पुढं ‘गोकुळ’ या नावानं घराघरांत गेला. त्यानं इथल्या बायकांना काय दिलं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, स्वतःच्या हातातली रोकड.

आमचं ते बिल या उन्हाळ्यात बंद झालं. म्हैस म्हातारी झाली होती. दोनदा भरवली, दोनदा उलटली. मग आटली ती आटलीच.

आमच्या मळ्यात विजेचं मीटर नाही. घर पूररेषेच्या आत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टात ती ५५ फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पुन्हा शिवारभर पसरली. तेव्हापासून आम्ही घरात जड काही ठेवत नाही. छपरावर सोलरची एक प्लेट, खाली बॅटरी, दोन दिवे. विहिरीवर रहाट. फ्रीज नाही, मिक्सर नाही, पाटा-वरवंटा आहे. स्वयंपाक गोबर गॅसवर. पाणी चढू लागलं की प्लेट उतरवायची, जनावरांची दावी सोडायची आणि वर बावड्यात जायचं. या राहणीचं आम्हाला दुःख नव्हतं, आजही नाही. रात्री कारखान्याच्या बाजूचा उजेड दिसतो, आमच्या अंगणात अंधार असतो, आणि त्या अंधारात उसाचं पातं हललेलंही ऐकू येतं.

पण अशा राहणीत मिळकत तुटली की काय होतं, ते बाहेरून कळत नाही. लोक म्हणतात, तुम्हाला लागतंयच किती? खरं आहे, थोडंच लागतं. म्हणूनच त्यातलं काही कमी करता येत नाही. ज्याच्या घरात चार गोष्टी जादा आहेत, तो त्यातल्या दोन बंद करून दिवस काढतो. आम्ही त्या केव्हाच बंद केल्या आहेत. आता उरलंय ते मीठ आणि गोळ्या. मीठ शेतात पिकत नाही, गोळ्या परड्यात उगवत नाहीत.

आणि एकटं बिलच गेलं असं नाही. एक घनमीटरच्या गॅसला रोज २५ किलो तरी शेण लागतं. म्हैस आणि तिची रेडी मिळून ते जेमतेम भागवत होत्या. म्हैस दावणीवरून गेली आणि आठवड्यात शेगडीची ज्योत पिवळी, बुटकी झाली. सकाळचा चहा होतो, भाकरी होत नाही. मग पुन्हा चूल आली. पाचट, चिपाडं, बांधावरच्या काटक्या. आईचे डोळे धुरानं लाल होतात. स्लरी कमी झाली, म्हणजे भाजीच्या वाफ्यांना आता खत विकत. त्यालाही रोकडच पाहिजे. विजेच्या तारेपासून सुटलेलं आमचं घर एका जनावराच्या पोटाला बांधलेलं होतं.

डेअरीतला सभासद नंबर आईच्या नावावर आहे. सकाळ-संध्याकाळ ती किटली घेऊन बांधाबांधानं जायची. तिथं रांगेत कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या म्हशीचा फॅट, कुणाची कपात, सगळं कानावर यायचं. बिलाच्या दिवशी पदराच्या गाठीत नोटा घेऊन यायची आणि त्यातली एक आधी देवापुढं ठेवायची. नातवाला खाऊ, माहेरच्या लग्नाला आहेर, हे ती कुणाला न विचारता करायची. आता आहेराचा विषय निघाला की ती माझ्याकडं बघते. मला त्या बघण्याचा फार त्रास होतो. परवा चुलीपुढं बसून म्हणाली, “हात रिकामा पडला बग.” रिकामा म्हणजे पैशानंच नव्हे, धार काढायला उठणारा हात पहाटे अजूनही जागा होतो.

दुभती म्हैस घ्यायची तर लाखाच्या वर. कर्ज मिळेल, बिलातून हप्ता कापून जाईल. पण तेवढी वर्षं आईच्या हातात काय येणार? रेडी अडीच वर्षांची आहे. पंढरपुरी वाणाची, शिंगं आत्ताच पाठीकडं वळू लागलीत. ती गाभण राहून विण्यापर्यंत सव्वा-दीड वर्ष तरी जाईल.

दिवाळीच्या पाडव्याला बावड्यातल्या म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून रस्त्यावर येतात, मालकाच्या मोटारसायकलीमागं पळतात. अशा म्हशी पाळणाऱ्या तिथल्या एका गवळ्यानं विचारलंय, त्याच्या दोन रेड्या अर्धलीनं सांभाळाल का म्हणून. वैरण आमची, वाढवणं आमचं. विकल्यावर किंमत निम्मी-निम्मी. शेण सगळं आमचं. आज त्यातून एक रुपयाही यायचा नाही, पण गॅस पेटेल, वाफे हिरवे होतील. मी हो म्हणायला तयार होतो. आई म्हणाली, थांब. तिची एक अट आहे: निम्म्या पैशाऐवजी दोघींतली जी आधी गाभण राहील ती आपल्या दावणीला राहायची, आणि तिचं दूध आईच्याच नंबरवर घालायचं. गवळ्याशी बोलायला ती स्वतः रविवारी जाणार आहे.