ऊठ जरा, बसू दे मला

सर्व्हर बंद पडला की ऑफिसात माणूस मोठ्याने बोलतो. बॅकस्पेस चालत नाही, हे मात्र खुर्ची सरकवून शेजारच्याच्या कानाशी सांगतो. चुकलेलं अक्षर पुसायला जावं, तर पुसलं जाणं दूरच. काळ्या टर्मिनलवर टोपीचं चिन्ह आणि पुढे एच, पुन्हा टोपी, पुन्हा एच, अशी रांग लागते. इंजिनियर म्हणवणाऱ्याने एवढ्यासाठी कुणाला उठवायचं, हा संकोच असतोच.

आमच्याकडे मदतही दोन तऱ्हांची. तरुण मुलं चॅटवर एक ओळ पाठवतात: ही टाक, एंटर मार. काम होतं, पुढच्या सर्व्हरवर परत तीच टोपी. दुसरी मदत आमच्या जुन्या सरांची. ते प्रश्न पुरता ऐकतही नाहीत. ‘ऊठ जरा, बसू दे मला.’ मग चष्मा कपाळावर सारून कंट्रोल-व्ही दाबतात आणि पाठोपाठ ते अडून बसलेलं बटण. कंट्रोल-व्ही म्हणजे टर्मिनलला ताकीद: आता जे येईल त्यावर काही करू नकोस, नुसतं दाखव. मग बटण नेमकं काय पाठवतंय ते उघडं पडतं. कधी टोपी आणि एच, म्हणजे 8. कधी टोपी आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे 127. ‘तुझं बटण 8 पाठवतंय, सर्व्हर 127ची वाट बघतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.’ एवढं बोलून एसटीटीवाय या कमांडची एक ओळ टाकतात, की समेट.

हे आकडे आले कुठून, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं. अक्षरांना आकडे देणाऱ्या 1967च्या आस्की तक्त्यात 8 म्हणजे एक घर मागे सरकणं. फक्त सरकणं, पुसण्याचा त्यात उल्लेखही नाही, कारण कागदावर छापलेलं अक्षर यंत्र पुसणार कसं? आणि 127? तेव्हा मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवायचे. एका अक्षराला सात जागा. भोक असेल तर एक, नसेल तर शून्य. पडलेलं भोक काही बुजवता येत नाही. मग चुकलेल्या अक्षराच्या उरलेल्या जागांवरही भोकं पाडायची. सातही उघडी झाली की बेरीज 127, आणि असं अक्षर वाचणाऱ्या यंत्राने सोडून द्यायचं. शाळेच्या वहीत चुकलेला शब्द आपण गिरवून गिरवून काळा करायचो, त्यातलाच प्रकार. खोडण्यासाठी आणखी भोकं पाडायची, ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

1978च्या व्हीटी100 टर्मिनलवर दोन्हींसाठी वेगळी बटणं होती. पुढे कीबोर्डच्या त्या कोपऱ्यात एकच मोठं बटण उरलं, आणि त्याने कोणता आकडा पाठवायचा यावर एकमत काही झालं नाही. सर्व्हरला जोडून देणाऱ्या पुटी या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आजही हा प्रश्न विचारलेला दिसतो. आपण वाचत नाही, इतकंच.

नव्याने लागलेल्या मुलांची गंमत निराळी. कॉलेजात वर्डमध्ये सेव्ह करायची सवय. इथेही हात कंट्रोल-एसवर जातो. पडदा गोठतो. ‘सर, सर्व्हर हँग झाला!’ सर मान वर न करता म्हणतात, ‘क्यू दाब.’ कंट्रोल-क्यूसरशी अडलेला मजकूर धो धो वाहतो. कंट्रोल-एस पाठवतं 19, म्हणजे थांब; कंट्रोल-क्यू 17, म्हणजे चालू कर. कागदी पट्टी वाचणाऱ्या यंत्राला दिलेले हे हुकूम, यंत्र गेलं तरी टर्मिनल अजून इमानाने पाळतं.

2020मध्ये सगळे घरी बसलो तेव्हा सरांची पंचाईत झाली. स्क्रीन शेअर केली तरी त्यांना चैन पडेना. ‘पडदा दिसतोय रे, तुझी बोटं कुठे दिसतायत?’ तेव्हा हे म्हातारपणाचं कुरकुरणं वाटलं होतं. पण टर्मिनललाही बोटं दिसत नाहीत. वरचा बाण दाबला तरी त्याच्याकडे एस्केप, चौकोनी कंस आणि ए अशी तीन अक्षरं एकामागोमाग येतात; त्यांचा बाण करायचा की कचरा, हे पलीकडचा प्रोग्राम ठरवतो. दाबलं काय आणि पोचलं काय, ही दोन्ही टोकं एका नजरेत पाहायची तर खुर्चीच लागते.

परवा नव्या मुलीने मला गाठलं. डिलीट दाबलं की तिच्याकडे नुसता तिरपा नागमोडी डॅश उमटत होता. मी सवयीने म्हटलं, ‘ऊठ जरा.’ ती उठली नाही. ‘तुम्ही सांगा, दाबते मी. नाहीतर उद्या परत तुम्हाला बोलवावं लागेल.’ मी मागे उभा राहून कंट्रोल-व्ही सांगितलं. एस्केप, कंस, 3 आणि शेवटी तो डॅश. सगळं ओळीने उभं राहिलं. ‘म्हणजे पहिली तीन कुणीतरी गिळत होतं, आणि उरलेलं मला दिसत होतं,’ ती म्हणाली. मग लगेच, ‘आणि एफ1 काय पाठवतं?’

मी सरांच्या टेबलाकडे पाहिलं. ते तिकडूनच म्हणाले, ‘आधी टर्म, म्हणजे टर्मिनलचा प्रकार, काय सेट केलाय ते बघा, मग विचारा.’