डेमोतला ट्रंपेट आणि मोहन्याचा बेंजो

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कामावरून येऊन आम्ही हातपाय धूत होतो, तोच शेजारच्या अक्का दारात उभ्या राहिल्या.

"जयभीम भाऊ. तुम्ही हिशोबातले माणूस. पोराला 9 हजार देऊ का नको, एवढं सांगा."

अक्का चार घरची धुणीभांडी करतात. भिशीचे ते पैसे त्यांनी पावसाळ्याआधी छताचे पत्रे बदलायला ठेवले होते. त्यांचा धाकटा मुलगा पार्टीत बेंजो वाजवतो. हळद असो, वाढदिवस असो की जयंतीची मिरवणूक, मोहने-आंबिवलीत त्याची पार्टी ओळखीची आहे. त्याने मोबाईलवर एका पेडलचा डेमो पाहिला होता. पायाशी ठेवायची, डब्याएवढी वस्तू. वाजवणारा गिटारची तार छेडतो आणि स्पीकरमधून ट्रंपेट निघतो. दुसरे बटण दाबले की सनई, तिसरे दाबले की ऑर्गन!

"काका, हे आलं की ट्रंपेटवाला वेगळा बोलवायलाच नको. सुपारीचे पैसे वाचतात," पोरगा म्हणाला.

हे ऐकून आम्ही जरा गप्प झालो. कारण त्या पार्टीतले ट्रंपेटवाले मामा आमच्या चाळीतलेच. इथली रेयॉनची कंपनी 2009 साली बंद पडली, तेव्हा हजारो कामगारांबरोबर त्यांचाही पगार थांबला. तरुणपणी हौसेने शिकलेला ट्रंपेट तेव्हापासून त्यांच्या घरची चूल पेटवतो. म्हणजे डेमो खरा असेल तर मामांचे काम जाणार, आणि खोटा असेल तर अक्कांचे पत्रे. 'घे' म्हणणेही जड आणि 'नको' म्हणणेही जड.

शिवाय आमचे तोंड एकदा पोळलेले आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे खजिनदार होतो. एका कार्यक्रमात इको मशीनचा घुमणारा आवाज ऐकला, भारावून गेलो आणि वर्गणीच्या पैशातून तसेच मशीन घेतले. जयंतीला गायक गाऊ लागले, तर एका शब्दावर दुसरा शब्द आदळायला लागला. पुढे बसलेली एक म्हातारी कार्यक्रमानंतर म्हणाली, "आवाज लई मोठा व्हता बाबा, पर बाबासाहेबांचं नाव सोडलं तर काय बी कळलं नाय." वामनदादा कर्डक गावोगाव फिरले ते शब्द घेऊन. आम्ही पैसे मोजून नेमके शब्दच बुडवले होते. ती चूक आमची होती. दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याच्या स्पीकरवर ऐकून आम्ही खरेदी केली होती.

म्हणून आम्ही अक्कांना सांगितले, "आठ दिवस थांबा. आधी वस्तू आपल्या अंगणात वाजवून बघू." पोराचा एक मित्र डोंबिवलीला राहतो. त्याच्याकडे तेच पेडल होते. ते एका रविवारपुरते मागून आणले.

तोपर्यंत आम्ही या विषयाची थोडी माहिती काढली, तीही सांगण्यासारखी आहे. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरे तर बुलबुल तरंग. त्याचे मूळ जपानी. 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तायशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. तारा खाली आणि वर टाइपरायटरसारखी बटणे! टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला त्याचे अप्रूप वाटणारच.

पेडलची गोष्ट त्याहून गमतीची. अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात बिघाड झाला आणि गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाजच लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज देणारे सर्किट बनवले आणि 1962 साली गिब्सन कंपनीने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आणले. त्याच्या डेमोच्या तबकडीत काय सांगितले होते? गिटारमधून पितळी फुंकवाद्यांचा आवाज काढा! दुकानदारांनी माल उचलला, पण पुढे विक्री जवळजवळ थांबली. मग 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले. त्यांच्या मनात ती जागा फुंकवाद्यांसाठी होती, पेडलचा आवाज तात्पुरता होता. तोच कायम राहिला आणि दुकानातली पेडले संपली. म्हणजे डेमोने कबूल केलेला ट्रंपेट साठ वर्षांपूर्वीही आला नव्हता. जे आले ते वेगळेच होते, आणि तेच टिकले.

रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर मंडळाचे बॉक्स लावले. अक्का, मामा, पार्टीची पोरे, सगळे हजर. सुरुवातीलाच स्पीकर घूं घूं करू लागला. पोराने घरातला कुठला तरी अॅडॉप्टर जोडला होता. या पेडलला 9 व्होल्टचा, योग्य ध्रुवाचा आणि स्वच्छ पुरवठा लागतो. पेडलबरोबरचा अॅडॉप्टर लावल्यावर घूं घूं गेली. मग ट्रंपेटचे बटण दाबले. आला तो घोगरा, गुळण्या केल्यासारखा आवाज. पोरे हसली, पोराचा चेहरा उतरला.

कारण सरळ होते. तसले पेडल आधी सूर ओळखते, मग त्यावरून दुसरा आवाज तयार करते. डेमोतला माणूस एका वेळी एकच तार, सावकाश छेडत होता. आमच्या बेंजोवर सुराच्या तारांबरोबर षड्जाच्या ताराही वाजतात. कोणता सूर धरावा, हे पेडलला समजेना. डेमोचा आवाज स्टुडिओत घासूनपुसून घेतलेला असतो, हे वेगळेच.

पोराने षड्जाच्या तारांखाली कापडाची पट्टी सरकवून त्या मुक्या केल्या. आवाज बराच सुधारला, पण ट्रंपेट काही झाला नाही. मामांनी आपला ट्रंपेट काढला आणि तोच सूर धरून हळूहळू फुगवत नेला. म्हणाले, "बाळा, तार छेडली की आवाज लगेच मोठा होतो आणि मरत जातो. फुंकेचा आवाज मी पाहिजे तिथं वाढवतो. तुझ्या डब्याला दम नाही रे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट त्यांनीच पोराला बाकीची बटणे दाबायला लावली. त्यात एक होते सूर एक सप्तक खाली नेणारे. ते दाबले आणि बेंजोचा किणकिणाट एकदम भारदस्त झाला. सगळ्यांच्या माना वळल्या. मामा म्हणाले, "हे ठेव. यावर मी वरून वाजवतो." पुढे तोच आवाज मिरवणुकीच्या कर्ण्यावरही लावून पाहिला. कर्ण्यातून खर्ज उतरत नाही, त्यामुळे तिथे तो पार नाहीसा झाला. मोठे बॉक्स असतील तरच त्याचा उपयोग, हेही त्याच दिवशी कळले.

तर पेडल डेमोला जागले का? ट्रंपेटच्या बाबतीत नाही. सनई तर ऐकवत नव्हती. ऑर्गन बरा, खर्ज उत्तम. चार आण्यांचे काम आणि बारा आण्यांची जाहिरात!

अक्कांचे 9 हजार पत्र्यांना गेले आणि पावसात घर कोरडे राहिले. पोराने हळदीच्या सुपाऱ्यांतून साठवून, दिवाळीनंतर मित्राचेच जुने पेडल 4 हजारांना घेतले. खर्जासाठी घेतले, ट्रंपेटसाठी नाही. मामा पार्टीत आहेतच.

वाचकहो, आपल्या घरातल्या मुलांनाही अशा वस्तूंचा मोह होतो. त्यांना रागावू नका. हौस मारली की कलाही मरते. फक्त वस्तू उसनी आणा आणि आपल्याच वाद्यावर, आपल्याच स्पीकरवर, घरच्या माणसांसमोर वाजवून बघा. काय कबूल केले होते याचा हिशोब करा आणि काय मिळाले याचाही. दुसरा हिशोब आम्ही इकोच्या वेळी केला नव्हता.

परवा एका हळदीला अक्का भेटल्या. बेंजो खर्जात, मामांचा ट्रंपेट वर. आम्ही विचारले, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "भाऊ, गाणं कळतंय की!"