कुकडीच्या काठी

सहामाहीच्या सुटीत आम्ही दौंडहून एस.टी.ने शिरूरला व पुढे टाकळी हाजीला गेलो. मुलाबाळांसह कुकडीचे रांजणखळगे पाहिले. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे वर्षानुवर्षे फिरून काळ्या खडकात हे रांजण कोरले गेले. चमत्कार नव्हे, निसर्गाचे काम!

मुले पोहण्यासाठी हटून बसली. पण खळगे खोल, कडा निसरड्या. आम्ही काठावरच पिठलं-भाकरी सोडली. धाकटी रुसली, “पाण्याला शिवूही देत नाही!” ते ऐकून आम्ही चमकलो. मग तिला महाडची हकिकत सांगितली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा आपल्या माणसांनी मार खाल्ला. हक्क त्यांनी मिळवून दिला. पोहायला शिकवणे आपले काम. वाचकहो, मुलींनाही शिकवा!