उत्तीर्ण झाल्याचा दिनांक

आमच्या भागात नोकरदार माणसाला दोन तारखा तोंडपाठ असतात. एक कामावर हजर झाल्याची आणि दुसरी निवृत्तीची. आमच्या आण्णांना तिसरीही पाठ होती. विभागीय परीक्षेचा शेवटचा पेपर त्यांनी लिहिला, ती. त्या एका तारखेपायी त्यांची आठ वर्षं गेली, म्हणून ती आम्हा भावंडांनाही पाठ झाली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, पण सातारा जिल्ह्याच्या शिवेला लागून. आजोबांच्या जुन्या कागदांवर ‘दक्षिण सातारा’ असं लिहिलेलं आहे. १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. तरी माणसं काही वाटली गेली नाहीत. बाजार विट्याला, सोयरीक कराडकडं आणि पौषात यात्रा पालीच्या खंडोबाची, असा आमचा संसार दोन्हीकडं पसरलेला.

आण्णा १९७५ च्या डिसेंबरात सरकारी नोकरीत लिपिक म्हणून लागले. खात्याचं नाव इथं घेत नाही. तेव्हाचं तिथं आता कुणी उरलेलं नाही. वरच्या पदावर जायचं तर विभागीय परीक्षा ठरावीक वर्षांच्या आत पास व्हावी लागे. मुदत चुकली की ज्येष्ठता गेली, मागून आलेले पुढं गेले. आण्णांची मुदत १९७९ च्या डिसेंबरात संपत होती. शेवटचा पेपर त्यांनी नोव्हेंबरात दिला. निकाल लागला १९८० च्या मार्चमध्ये. पास झाले, घरी पेढे आले.

त्याच परीक्षेला त्यांच्या शेजारी आमचे काका बसले होते. नात्यातले नव्हेत. शेजारच्या गावचे, एकाच कार्यालयातले, आण्णांच्या मागून वर्षभरानं लागलेले. दोघं भाड्याच्या एका खोलीत राहायचे, एका स्टोव्हवर भात शिजवायचे. पेपर एकच, निकालाचा कागदही एकच.

पंधरा वर्षं कुणी काही बोललं नाही. १९९५ साली पदोन्नतीसाठी ज्येष्ठता यादी नव्यानं झाली, तेव्हा ‘उत्तीर्ण झाल्याचा दिनांक’ या रकान्यात निकालाची तारीख पडली. आण्णा तीन महिन्यांनी मुदतीबाहेर गेले. काकांची मुदत वर्षभर पुढं होती, म्हणून तेच काका, त्याच निकालावर, मुदतीत राहिले. आण्णा अकरा नंबर खाली आले. त्या अकरांत काका होते.

“जोंधळा कवा पिकला म्हणायचा?” आण्णा येईल त्याला विचारत. “रानात कणसं भरली तवा, का बाजारात काट्यावर घातला तवा?”

त्यांनी यादीवर हरकत घेतली. उत्तर आलं नाही. अंतिम यादी तशीच निघाली. मग निवेदन, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. अर्ज करत राहिलं की कधीतरी दाद लागते, अशी आपल्याकडं समजूत. साताऱ्याच्या एका वकिलांनी ती मोडली. ते म्हणाले, “स्मरणपत्रं देऊन मुदत वाढत नाही.” राठोड विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९८९ सालीच ते सांगून ठेवलं होतं. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर तिथून पुढं एक वर्ष. तेवढ्यात न्यायाधिकरणाकडं गेलं पाहिजे. नंतर गेलात तर आधी उशिराचं सबळ कारण पटवून द्यायचं, मग मूळ गाऱ्हाणं. आण्णांच्या हातात तेव्हा दोन महिने उरले होते.

सरकारी नोकराच्या सेवेचा तंटा तालुक्याच्या कोर्टात चालत नाही. १९८५ च्या कायद्यानं त्यासाठी वेगळं प्रशासकीय न्यायाधिकरण आलं, महाराष्ट्रात ते १९९१ पासून सुरू झालं. आमच्या बाजूच्या लोकांना मुंबई गाठावी लागे. वकिलांनी आणखी एक गोष्ट समजावली. पदोन्नती मिळणं हा हक्क नाही. पात्र असेल तर तिच्यासाठी विचार होणं, हा हक्क. आण्णांचं भांडण तेवढ्यापुरतंच होतं.

मग वकिलांनी खरी अडचण सांगितली. यादी फिरली तर ज्यांचे नंबर हलणार, त्या सगळ्यांना प्रतिवादी करावं लागतं. त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या विरुद्ध निकाल देता येत नाही. नियम न्यायाचाच आहे. पण त्याचा अर्थ असा की सरकारबरोबर त्या अकरा जणांच्या नावानंही नोटीस निघणार.

आण्णा तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सायकल काढून काकांच्या गावाला गेले. मी बरोबर होतो. ओसरीवर बसून त्यांनी सरळ सांगितलं, “तुझ्यावर कोर्टाचा कागुद येणार. माझ्या नावानं येणार. आदी माझ्या तोंडनं ऐक.”

काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “घाल अर्ज. मी उलटं काय लिवणार न्हाय. आपुन एका बाकावर हुतो, तू पास झाल्याला मी बगितलाय.”

काकू आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही.

पुढची वर्षं तारखांची. कराडच्या स्टेशनात, ओगलेवाडीला, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबई, दुपारी ‘पुढील तारीख’, रात्री परत. अर्जित रजा त्यातच संपली. आजोबा चिडत. १९४२ नंतर या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, त्याची न्यायमंडळं गावातच तंटे मिटवत. “आमच्या वक्ताला चावडीवर एका रातीत निकाल लागायचा,” ते म्हणत. आण्णा हसून म्हणायचे, “आबा, तवा धाक हुता. आता कागुद हाय. कागदाला येळ लागतो.”

निकाल २००२ साली आला. परीक्षेचा शेवटचा पेपर ज्या दिवशी झाला तो उत्तीर्ण झाल्याचा दिनांक धरावा, यादी दुरुस्त करावी. अंमल व्हायला २००४ उजाडलं. आण्णांना वरचं पद मिळालं आणि मागचा ‘मानीव दिनांक’ मिळाला. म्हणजे १९९६ साली पदोन्नती झाली असं मानायचं. पगार त्या हिशेबानं काल्पनिक धरायचा, मागची थकबाकी द्यायची नाही. आईनं विचारलं, “मानायचं म्हंजी काय?” आण्णा म्हणाले, “म्हंजी पेन्शनीत दिसंल.” २००८ साली ते निवृत्त झाले तेव्हा पेन्शनीत ते दिसलं.

काकांचं पद गेलं नाही, नंबर एकानं खाली सरकला. त्यांनी शब्द पाळला. विरोधात प्रतिज्ञापत्र दिलं नाही. पण पालीच्या यात्रेला आमची दोन्ही घरं एका जीपमधून जायची, ते बंद झालं. काकूंच्या लेखी दारात आलेल्या पाकिटावर आमच्या आण्णांचं नाव होतं, एवढंच खरं होतं. ज्या रकान्यात चुकीची तारीख पडली तो भरणाऱ्याचं नाव त्या पाकिटावर कुठंच नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी कमी झाली, हे फार चांगलं झालं. गावातली नोकरीला लागलेली पोरं माझ्याकडं सल्ल्याला येतात, तेव्हा मी सांगतो : सेवापुस्तकाची प्रत घरी ठेवा. दरवर्षीची ज्येष्ठता यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, हरकत मुदतीत घ्या. आणि कुणाला प्रतिवादी करायची वेळ आलीच, तर नोटिशीच्या आधी त्याच्या ओसरीवर जाऊन या. चहा मिळेल असं नाही. तरी जाऊन या.